संत ऑगस्टीन : एका अस्वस्थ माणसाची गोष्ट

संत म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एक ठरावीक चित्र येतं. लहानपणापासूनच शांत, कधी खोटं न बोललेला, कधी कुणावर न चिडलेला, डोक्यामागे तेजाचं वर्तुळ असलेला माणूस. असा माणूस आपल्या हॉस्टेलमध्ये राहायला आला तर आपलं त्याच्याशी किती दिवस पटेल, मला शंकाच आहे! पण एक संत असा होऊन गेला की जो आपल्या हॉस्टेलमध्ये अगदी बरोब्बर रमला असता. मित्रांबरोबर फळं चोरली, घरापासून लांब शिकायला गेला, प्रेमात पडला, आईशी खोटं बोलून पळाला, नोकरीसाठी शहरं बदलली, आणि तिशी उलटली तरी आयुष्यात नक्की काय करायचं हे त्याला कळत नव्हतं. त्याचं नाव ऑगस्टीन.

माझी शाळा कॉन्व्हेंट. तिथे २८ ऑगस्टला या संताचा दिवस असतो, एवढंच कानावर पडायचं. सेकंड इयरच्या सुट्टीत मी त्याने स्वतः लिहिलेलं ‘कन्फेशन्स’ वाचायला घेतलं आणि त्या चित्रातला दाढीवाला बिशप हळूहळू नाहीसाच झाला. उरला तो आपल्याच वयाचा एक गोंधळलेला मुलगा. म्हणून या लेखात मी त्याला ‘तो’च म्हणणार आहे. अर्ध्याहून जास्त गोष्टीत तो संत नाहीच!

आता इंजिनीअरिंग कॉलेजच्या मॅगझिनमध्ये हा विषय कशाला, असं कुणी विचारेल. तर मित्रांनो, युरोपने जवळजवळ हजार वर्षं देव, पाप, युद्ध, राज्य आणि माणसाचं मन यांबद्दल जो विचार केला, त्याचा पाया या एका माणसाच्या लिखाणावर उभा आहे. आणि त्या लिखाणाच्या मुळाशी एक साधा प्रश्न आहे. चांगलं काय हे कळत असूनही आपण तसं का वागत नाही? परीक्षेच्या आदल्या रात्री कॅन्टीनमध्ये बसून हा प्रश्न आपल्यापैकी कुणाला पडलेला नाही?

ऑगस्टीनचा जन्म १३ नोव्हेंबर ३५४ रोजी थागास्ट नावाच्या लहानशा गावात झाला. हे गाव इटलीत शोधू नका. ते उत्तर आफ्रिकेत, आजच्या अल्जेरियात आहे, आणि आज त्याचं नाव सूक अहरास आहे. तो सगळा पट्टा तेव्हा रोमन साम्राज्यात होता. वडील पॅट्रिशिअस. थोडीफार जमीन, गावच्या सभेत मान, पण हातात पैसा नाही, असं ते घर. वडील जुन्या रोमन देवांना मानणारे, आई मोनिका मात्र पक्की ख्रिस्ती. मुलाने शिकून मोठं व्हावं, यावर मात्र दोघांचं एकमत!

शाळेत त्याने भरपूर मार खाल्ला. एक आणि एक दोन, दोन आणि दोन चार असं घोकणं त्याला नकोसं वाटायचं. ग्रीक भाषा तर अजिबात आवडली नाही, आणि पुढे आयुष्यभर त्याचं ग्रीक कच्चंच राहिलं. लॅटिनमध्ये मात्र तो हुशार. व्हर्जिलच्या महाकाव्यातल्या डायडो राणीच्या मरणावर हा मुलगा ढसाढसा रडला होता. सोळाव्या वर्षी घरचे पैसे संपले आणि शिक्षण थांबलं. वर्षभर तो घरी रिकामाच होता. आपल्या भाषेत सांगायचं तर ड्रॉप लागला!

त्याच वर्षातली एक चोरी जगप्रसिद्ध आहे. एका रात्री तो आणि त्याची टोळकी शेजारच्या झाडाची नासपती हलवून सगळी पाडून घेऊन गेली. फळं काही खास नव्हती. त्याच्या घरी याहून चांगली होती. थोडी चाखली, बाकीची डुकरांपुढे टाकली. झालं! एवढ्याशा गोष्टीवर पंचवीस-तीस वर्षांनंतर त्याने पानंच्या पानं लिहिली आहेत. भूक नव्हती, गरज नव्हती, मग चोरी का केली? त्याच्या लक्षात येतं की एकटा असतो तर त्याने हे कधीच केलं नसतं. चूक आहे म्हणूनच ती करण्यात मजा होती, आणि मित्रांसमोर मागे राहायची लाज वाटत होती. ग्रुपमध्ये आलं की माणूस कसा बदलतो, याचं इतकं बारीक निरीक्षण चौथ्या शतकात कुणी केलं असेल, असं मला वाटलं नव्हतं.

गावातल्या रोमानिआनस नावाच्या श्रीमंत गृहस्थाने खर्च उचलला आणि सतराव्या वर्षी ऑगस्टीन कार्थेजला गेला. कार्थेज म्हणजे आफ्रिकेतलं सगळ्यात मोठं शहर, आजच्या ट्युनिस शहराला लागून. नाटकं, बंदर, गर्दी! आणि हो, तिथे रॅगिंगही होतं. सीनियर मुलांची एक टोळी होती, स्वतःला मोडतोड करणारे म्हणवून घ्यायची आणि नवीन आलेल्या लाजऱ्या मुलांना छळायची. ऑगस्टीन त्यांच्यात उठबस करायचा, पण त्यांच्या त्या प्रकारांची त्याला किळस होती. म्हणजे रॅगिंगला सोळाशे वर्षांची परंपरा आहे आणि तेव्हाही ते शहाण्या माणसाला आवडत नव्हतं!

कार्थेजमध्ये त्याचं एका मुलीशी जुळलं. लग्न न करता दोघं पुढे पंधराएक वर्षं एकत्र राहिली. त्या समाजात असं नातं सर्रास असायचं. साधारण ३७२ मध्ये त्यांना मुलगा झाला. त्याचं नाव ठेवलं अडेओडाटस, म्हणजे देवाने दिलेला. आपल्याकडचा देवदत्तच की! मुलाचं नाव आपल्याला माहीत आहे, आजीचं माहीत आहे. त्या मुलीचं नाव मात्र ऑगस्टीनने कुठेच लिहिलेलं नाही.

एकोणिसाव्या वर्षी सिलॅबसमध्ये होतं म्हणून त्याने सिसेरोचं एक पुस्तक वाचलं. भाषेसाठी वाचायचं होतं, पण त्यातला विचारच त्याला लागला. पैसा आणि नाव यापेक्षा सत्य शोधणं मोठं, असं त्याला वाटायला लागलं. मग त्याने बायबल उघडलं. पण त्या वेळचं लॅटिन भाषांतर इतकं ओबडधोबड होतं की या साहित्यप्रेमी मुलाला ते गावंढळ वाटलं. त्याने ते मिटून ठेवलं आणि मानी पंथात गेला.

मानी हा तिसऱ्या शतकातला, त्या काळच्या इराणी साम्राज्यातला धर्मसंस्थापक. त्याचं म्हणणं सोपं होतं. जगात प्रकाश आणि अंधार अशा दोन शक्ती आहेत आणि त्यांचं युद्ध चालू आहे. माणसाच्या हातून पाप होतं ते त्याच्यात अडकलेल्या अंधारामुळे. ऑगस्टीनला हे फार सोयीचं वाटलं, कारण याचा अर्थ चूक माझी नाही, माझ्यातल्या दुसऱ्याच कुणाची तरी! तो नऊ वर्षं या पंथात राहिला. आई इतकी दुखावली की काही काळ तिने त्याला घरात राहू दिलं नाही.

पण हा मुलगा गप्प बसणारा नव्हता. मानीच्या ग्रंथांत सूर्यचंद्राबद्दल बरंच काही होतं. ऑगस्टीनने ते खगोलशास्त्रज्ञांच्या पुस्तकांशी ताडून पाहिलं. शास्त्रज्ञ ग्रहणाचा दिवस आणि तास आधी सांगत होते आणि ग्रहण त्याच वेळी लागत होतं. मानीच्या कथांतून असा काही हिशोब निघत नव्हता. पंथातले लोक म्हणायचे, आमचा फाउस्टस येऊ दे, तो सगळं समजावून देईल. ३८३ च्या सुमाराला फाउस्टस आला. गोड बोलणारा, सज्जन माणूस. पण गणिताचा विषय निघताच त्याने सरळ सांगून टाकलं की हे मला येत नाही. त्याचा हा प्रामाणिकपणा ऑगस्टीनला आवडला, पंथावरचा विश्वास मात्र उडाला. गणित चुकलं म्हणून धर्म सोडला, ही गोष्ट आपल्या डिपार्टमेंटमध्ये सांगण्यासारखी आहे!

एव्हाना तो कार्थेजमध्ये वक्तृत्वकला शिकवत होता. तिथली मुलं वर्गात धिंगाणा घालायची, म्हणून त्याने रोमला जायचं ठरवलं. आई सोबत यायचा हट्ट धरून बंदरापर्यंत आली. तेव्हा एका मित्राला निरोप द्यायला थांबलोय अशी थाप मारून त्याने तिला रात्री एका प्रार्थनास्थळात थांबवलं आणि स्वतः जहाजात बसून निघून गेला. सकाळी आई किनाऱ्यावर रडत होती.

रोममध्ये मुलं शांत होती, पण फी द्यायची वेळ आली की सगळी मिळून दुसऱ्या मास्तरकडे जायची! शेवटी ३८४ मध्ये त्याला मिलानमध्ये वक्तृत्वाच्या प्राध्यापकाची सरकारी जागा मिळाली. तेव्हा सम्राटाचा दरबार मिलानला होता. म्हणजे खेड्यातल्या गरीब मुलाला तिसाव्या वर्षी साम्राज्यातला मोठ्या मानाचा जॉब! इटलीचे लोक त्याच्या आफ्रिकन उच्चारांना नावं ठेवायचे, पण तो कामात पक्का होता. एकदा सम्राटाच्या स्तुतीचं खोटंखोटं भाषण तयार करून तो धास्तावलेल्या मनाने चालला होता. रस्त्यात दारू पिऊन खुशीत हसणारा एक भिकारी दिसला. ऑगस्टीनच्या मनात आलं, इतकी वर्षं धडपडून मला जे मिळालं नाही, ते याला चार नाण्यांत मिळालं. त्याचा आनंद खरा नसेल, पण माझा कुठे खरा आहे? प्लेसमेंटच्या मोसमात ही गोष्ट आठवली की मी जरा गप्प होते.

मिलानचा बिशप होता अम्ब्रोज. ऑगस्टीन त्याची प्रवचनं ऐकायला जायचा ती फक्त बोलण्याची शैली पाहायला. पण हळूहळू आशयही आत शिरला. बायबलमधल्या ज्या कथा त्याला ओबडधोबड वाटल्या होत्या, त्यांचा अम्ब्रोज आतला अर्थ उलगडून दाखवायचा. याच काळात त्याला प्लेटोच्या परंपरेतल्या तत्त्वज्ञांची पुस्तकं लॅटिनमध्ये मिळाली. त्यांतून त्याला आपल्या जुन्या कोड्याचं उत्तर सापडलं. वाईट ही वेगळी शक्ती नाहीच. ती चांगल्याची उणीव आहे. आपण थर्मोडायनॅमिक्समध्ये शिकतो की थंडी म्हणजे वेगळी वस्तू नव्हे, उष्णता कमी असणं. तसंच काहीसं. मग अंधाराला दोष देता येईना. जबाबदारी पुन्हा स्वतःच्या दारात आली.

इथे त्याच्या आयुष्यातला सगळ्यात कटू प्रसंग येतो. आईही मिलानला आली होती. करिअरसाठी मोठ्या घरची बायको हवी होती. दहाएक वर्षांच्या एका मुलीशी त्याचं लग्न ठरलं, कारण कायद्याने मुलीचं वय निदान बारा लागायचं आणि दोनेक वर्षं थांबायचं होतं. आणि इतक्या वर्षांच्या सोबतिणीला आफ्रिकेला परत पाठवण्यात आलं. ती पुन्हा कुणाचीही होणार नाही असा शब्द देऊन गेली. मुलगा बापाकडे ठेवून गेली. ऑगस्टीनने आपलं मन रक्तबंबाळ झाल्याचं लिहिलंय, पण त्याच मनाने थोड्याच दिवसांत दुसरी बाई जवळ केली, हेही लिहिलंय. त्याने स्वतःला सोडलं नाही हे खरं. पण त्या बाईची बाजू कुणी लिहिलीच नाही, आणि त्याच्या सगळ्या थोरपणात ही रिकामी जागा मला खुपत राहते.

३८६ चा ऑगस्ट. संयमाचं आयुष्य जगावं असं त्याला मनापासून वाटत होतं, पण देवाकडे संयम मागतानासुद्धा तो इतक्यात नको, अशी मनात धाकधूक असायची! या ओढाताणीत तो एका बागेत झाडाखाली रडत होता. शेजारच्या घरातून एका लहान मुलाचा आवाज आला. उचल आणि वाच, अशा अर्थाचं काहीतरी ते पोर गाण्यासारखं घोळवत होतं. त्याने जवळ पडलेलं संत पौलाच्या पत्रांचं पुस्तक उघडलं, समोर आलेला परिच्छेद वाचला आणि मनातली भांडणं थांबली. त्याने नोकरी सोडली, लग्न मोडलं आणि ३८७ च्या ईस्टरला अम्ब्रोजच्या हातून बाप्तिस्मा घेतला. त्याच्याबरोबर त्याचा मुलगाही होता. तेव्हा ऑगस्टीन बत्तीस वर्षांचा होता. आई त्याच वर्षी, आफ्रिकेला परतण्याच्या वाटेवर, ऑस्टिया बंदरात वारली. अडेओडाटसही थोड्याच काळात, सोळा-सतरा वर्षांचा असताना गेला. बापलेकांच्या संभाषणावर आधारलेलं एक छोटं पुस्तक आजही आहे. शिक्षक खरोखर काही शिकवतो का, हा त्याचा विषय!

ऑगस्टीनला आता गावी मित्रांबरोबर निवांत वाचत बसायचं होतं. पण ३९१ मध्ये तो हिप्पो नावाच्या बंदराच्या गावी गेला असताना चर्चमधल्या लोकांनी त्याला धरून पुढे नेलं आणि पुरोहित व्हायला लावलं. तो रडत होता! चारपाच वर्षांत तो तिथला बिशप झाला आणि मरेपर्यंत, जवळजवळ पस्तीस वर्षं, तिथेच राहिला. आज हे शहर अन्नाबा म्हणून ओळखलं जातं. बिशप म्हणजे फक्त प्रार्थना नव्हे. लोकांचे जमिनीचे, वारसाहक्काचे तंटे सोडवायचे, गरिबांना सांभाळायचं, प्रवचनं करायची आणि रात्री लिहायचं. १९८१ मध्ये त्याची एकोणतीस पत्रं नव्याने प्रसिद्ध झाली. त्यातल्या एका पत्रात गुलामांचे व्यापारी आफ्रिकेतल्या माणसांना पळवून जहाजांत कोंबत होते त्याची हकिकत आहे. हिप्पोच्या लोकांनी साधारण एकशेवीस जणांना सोडवलं होतं.

३९७ च्या सुमाराला त्याने ‘कन्फेशन्स’ लिहायला घेतलं. तेरा भागांचं हे पुस्तक म्हणजे देवाशी बोलत बोलत सांगितलेलं स्वतःचं आयुष्य. मनाच्या आत इतकं खोल उतरून लिहिलेलं आत्मचरित्र त्याआधी सापडत नाही. त्याच्या अकराव्या भागात काळाबद्दल विचार आहे. भूतकाळ उरलेला नाही, भविष्य आलेलं नाही, आणि वर्तमानाला लांबीच नाही. मग आपण मोजतो काय? त्याचं उत्तर असं की आपण काळ मनात मोजतो, आठवण आणि अपेक्षा यांच्या आधाराने. आणि जग निर्माण करण्याआधी देव काय करत होता, या प्रश्नाला तो म्हणतो की काळच जगाबरोबर निर्माण झाला, म्हणून ‘आधी’ या शब्दाला अर्थच नाही. फिजिक्सच्या लेक्चरला टाइम इज इक्वल टू झीरो ऐकलं की मला हेच आठवतं.

इथपर्यंतचा ऑगस्टीन मला मित्रासारखा वाटतो. पुढचा जरा अवघड आहे.

तेव्हा आफ्रिकेतल्या ख्रिस्ती लोकांत उभी फूट होती. ३०३ नंतरच्या छळात ज्यांनी घाबरून पवित्र ग्रंथ सरकारला दिले, अशा बिशपांच्या हातचे विधी डोनाटिस्ट पंथ मानत नव्हता. ऑगस्टीनचं म्हणणं होतं की पाट दगडाचा असला तरी त्यातून पाणी वाहतंच. विधीची ताकद देवाची आहे, पुरोहिताच्या चारित्र्याची नाही. हे तर पटण्यासारखं होतं. सुरुवातीला तो म्हणायचा की कुणावर जबरदस्ती करू नये, वादाने पटवावं. पण सम्राटाच्या कायद्यांच्या भीतीने गावंच्या गावं मूळ चर्चमध्ये आली. त्यात त्याचं स्वतःचं थागास्टही होतं. मग त्याचं मत बदललं. ४०८ च्या सुमाराच्या एका पत्रात त्याने लिहिलं की अशी सक्ती माणसाच्या भल्याची असू शकते. देहदंडाला त्याचा विरोध होता. पण दंड, जप्ती, हद्दपारी याला त्याने धर्माचा आधार दिला.

दुसरा वाद पेलाजिअस या ब्रिटनमधल्या साधूशी. पेलाजिअस म्हणायचा, देवाने आज्ञा दिल्या म्हणजे त्या पाळायची ताकदही दिली. प्रयत्न केला तर माणूस चांगला होऊ शकतो. ऑगस्टीनला स्वतःची ती बाग आठवत असणार. तो म्हणाला, माणसाची इच्छाशक्तीच आजारी आहे. आदामाचं पाप जन्माबरोबर प्रत्येकात येतं आणि देवाच्या कृपेशिवाय कुणी वाचत नाही. ४१८ मध्ये कार्थेजच्या धर्मसभेने पेलाजिअसची मतं नाकारली. पण हा तर्क ताणत गेल्यावर ऑगस्टीन अशा टोकाला पोचला की बाप्तिस्म्याशिवाय मेलेलं तान्हं मूलसुद्धा शिक्षेतून सुटत नाही, भले ती सगळ्यात सौम्य का असेना. हे वाचून मला पुस्तक मिटून ठेवावंसं वाटलं.

दरम्यान २४ ऑगस्ट ४१० रोजी अलारिकच्या गॉथ सैन्याने रोम लुटलं. जुने देव सोडले म्हणून हे झालं, असं लोक बोलू लागले. उत्तर म्हणून ऑगस्टीनने ४१३ ते ४२६ अशी तेरा वर्षं खपून बावीस भागांचा ‘देवाचे नगर’ हा ग्रंथ लिहिला. त्याचा गाभा असा की जगात दोन नगरं मिसळून राहतात, एक स्वतःवर प्रेम करणाऱ्यांचं, दुसरं देवावर प्रेम करणाऱ्यांचं. कोण कुठल्या नगरातला ते शेवटपर्यंत कळत नाही. म्हणून रोम असो की आणखी कुठलं साम्राज्य, कुणालाच देवाचं राज्य समजू नका.

सत्तरी ओलांडल्यावर त्याने एक विलक्षण काम हाती घेतलं. आपली सगळी पुस्तकं पुन्हा वाचायची आणि कुठे चुकलो ते लिहून ठेवायचं. ४२६-४२७ मध्ये त्याने नव्वदहून जास्त ग्रंथांची अशी उजळणी केली. जगप्रसिद्ध माणूस स्वतःचेच पेपर लाल पेनने तपासतोय!

४२९ मध्ये व्हँडल टोळ्या स्पेनमधून आफ्रिकेत उतरल्या आणि पुढच्या वर्षी त्यांनी हिप्पोला वेढा घातला. ऑगस्टीन तापाने आजारी पडला. त्याने पश्चात्तापाची स्तोत्रं लिहून भिंतीवर लावून घेतली आणि शेवटचे दहाएक दिवस कुणालाही भेटला नाही. २८ ऑगस्ट ४३० ला तो गेला. मृत्युपत्र केलं नाही, कारण मालमत्ताच नव्हती. फक्त चर्चचं ग्रंथालय नीट जपा, असं त्याने सांगून ठेवलं होतं.

शहर पडलं, पुढे साम्राज्य पडलं, पण ती पुस्तकं वाचली. मठामठांतून साधूंनी ती हाताने उतरवून काढली. आठव्या शतकात लोंबार्ड राजाने त्याचा देह इटलीतल्या पाविया शहरात आणला. पण त्याहून मोठा प्रवास त्याच्या विचारांनी केला. ५२९ च्या ऑरेंज इथल्या धर्मसभेने त्याची कृपेची कल्पना स्वीकारली, पण देव कुणाला वाईटासाठीच नेमून ठेवतो हे मात्र नाकारलं. नवव्या शतकात गोटशाल्क नावाच्या साधूने ऑगस्टीनचाच आधार घेऊन तसं शिकवलं, तर त्याला फटके मारून मठात कोंडलं. बाराव्या शतकात पीटर लोंबार्डने थोरांच्या मतांचा एक संग्रह केला. त्यात सगळ्यात जास्त उतारे ऑगस्टीनचे, आणि हाच संग्रह पुढे तीनचारशे वर्षं युरोपच्या विद्यापीठांत धर्मशास्त्राचं टेक्स्टबुक होता. तान्ह्या मुलांबद्दलचं ते मत मध्ययुगातल्या विद्वानांनाही सहन झालं नाही, म्हणून त्यांनी स्वर्ग-नरकाच्या कडेला, जिथे वेदना नाहीत अशी एक वेगळी जागा कल्पिली.

युद्ध कधी न्याय्य असतं, याचे नियम ११४० च्या सुमारास ग्राशियनच्या कायदासंग्रहात आले, तेही बरेचसे ऑगस्टीनकडून. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने ॲरिस्टॉटलचं तत्त्वज्ञान ख्रिस्ती विचारात आणलं, तरी पानोपानी त्याला ऑगस्टीनशी बोलावं लागलं. आणि धर्मातून फुटलेल्यांवर सक्ती करावी का, या प्रश्नाला अक्वायनसने दाखला दिला तो ऑगस्टीनच्या त्याच मत बदलल्याच्या पत्राचा. तो काळ युरोपात इन्क्विझिशन सुरू होण्याचा होता.

गोव्याला ट्रिपला गेलात तर जुन्या गोव्यात ४६ मीटर उंचीचा, अर्धा कोसळलेला लाल जांभ्या दगडाचा मनोरा दिसेल. तो सेंट ऑगस्टीन टॉवर. याच संताच्या नावाने १२४४ मध्ये सुरू झालेल्या साधूसंघाचे लोक १५७२ मध्ये गोव्यात आले आणि त्यांनी ते चर्च बांधलं. १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारने सगळे साधूसंघ बंद केले, १८४२ मध्ये छत कोसळलं. मार्टिन लूथरही याच संघाचा साधू, आणि २०२५ मध्ये निवडून आलेले पोप लिओ चौदावे हेही याच संघाचे. एकाच गुरूचं नाव घेऊन एकाने चर्च फोडलं आणि दुसरा त्याचा प्रमुख झाला!

या सगळ्यावरून मला एकच गोष्ट म्हणायची आहे. ऑगस्टीनला स्वतःच्या उत्तरापर्यंत पोचायला बत्तीस वर्षं लागली. तो मानीकडे गेला, गणिताकडे गेला, प्लेटोकडे गेला, आणि त्याला कुणी अडवलं नाही. आई रडली, पण तिनेही साखळीने बांधलं नाही. त्याला भटकायची मोकळीक होती म्हणून त्याचं पोचणं खरं ठरलं. पण जेव्हा त्याच्या हातात अधिकार आला, तेव्हा हीच मोकळीक त्याने डोनाटिस्टांना दिली नाही. मध्ययुगाने त्याच्याकडून दोन्ही गोष्टी घेतल्या, मनात डोकावणंही आणि दरवाजे बंद करणंही.

आपल्याला मात्र निवडता येतं. त्याची सगळी उत्तरं मला पटत नाहीत. पण सत्तराव्या वर्षी, जगाने डोक्यावर घेतलेलं असताना, स्वतःची पुस्तकं पुन्हा काढून चुका शोधत बसलेला तो म्हातारा मला फार मोठा वाटतो. लोकांनी पुढे त्याची वाक्यं पाठ केली. त्याची ती उजळणीची सवय उचलली असती, तर कदाचित इतिहासातली काही दुःखं कमी झाली असती.